सर्वात लहान टेबलावरचं ऑनलाइन पोकर: खेळ कसा सुधारावा

हातात एक्क्यांची जोडी आहे. टेबलावरचं एकही पान उघडण्याआधी दोघांचे सगळे पैसे मध्ये गेलेत आणि समोरच्याकडे राजांची जोडी आहे. टेक्सास होल्डममध्ये, म्हणजे हातातली दोन आणि टेबलावरची पाच पानं मिळून खेळायच्या पोकरमध्ये, याहून चांगली वेळ क्वचितच येते. तरीही शंभरातल्या साधारण १८ वेळा राजे जिंकतात. ते जिंकले की हौशी खेळाडू तासभर स्वतःला विचारत बसतो, की माझं काय चुकलं? आणि सत्ती-दुर्री घेऊन तेवढेच पैसे जिंकले, तर तो काहीच विचारत नाही. छोट्या रकमेच्या पोकरमध्ये माणसं वर्षानुवर्षं एकाच जागी राहतात ती यामुळे, असं माझं ठाम मत आहे. डाव कोणी नेला यावरून ती शिकत राहतात, आणि पत्ते त्यांना रोज वेगळं शिकवतात. या लेखातली सगळी पद्धत ही सवय मोडण्यासाठी आहे. निर्णय घेतला त्या क्षणी जे माहीत होतं, त्यावरूनच तो तपासायचा.

नियम माहीत आहेत, जोडी, स्ट्रेट, फ्लश यांचा क्रम पाठ आहे, पण खेळ पुढे सरकत नाही, अशांसाठी हे लिहिलं आहे. मी बोलतोय ते सहा जणांच्या नो-लिमिट होल्डम कॅश टेबलाबद्दल. ब्लाइंड म्हणजे दोघांना पानं पाहण्याआधीच सक्तीने लावावे लागणारे पैसे: स्मॉल ब्लाइंड १ सेंट, बिग ब्लाइंड २ सेंट. आणि बसताना २ डॉलर म्हणजे १०० बिग ब्लाइंड. याहून लहान टेबल सहसा मिळत नाही.

आधी कायदा पाहा

भारतात राहत असाल तर पैसे लावून ऑनलाइन पोकर खेळायचा प्रश्न मिटलेला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैशांचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंद केले. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा खेळणाऱ्याला गुन्हेगार ठरवत नाही. म्हणून व्हीपीएन लावून परदेशी साइटवर जायचा सल्ला देणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. तिथे पैसे अडकले तर दाद मागायला जागा नसते. अमेरिकेच्या न्याय खात्याने १५ एप्रिल २०११ रोजी मोठ्या पोकर साइटवर कारवाई केली, तेव्हा फुल टिल्टवरच्या अमेरिकी खेळाडूंना पैसे परत मिळायला २०१४ उजाडलं. तेही तिथलं सरकार मध्ये पडलं म्हणून.

पुणे, नागपूर किंवा पणजीत बसून हे वाचणाऱ्यांनी बिनपैशाच्या चिप्सवर खेळावं. फुकटच्या चिप्स असल्या की समोरचे काहीही करतात, पण सुरुवातीच्या पानांची निवड, पॉटचं (मध्ये जमलेल्या पैशांचं) गणित आणि डावांचा अभ्यास, ही तिन्ही कामं एक पैसाही न लावता होतात. गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनोंत पोकरची टेबलं आहेत, पण तिथले ब्लाइंड कित्येक पटींनी मोठे आहेत. ती शिकायची जागा नव्हे.

न्यू जर्सीत ऑनलाइन पोकर नोव्हेंबर २०१३ पासून कायदेशीर आहे. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि नेवाडातही आहे. कॅनडाच्या ऑन्टारिओत एप्रिल २०२२ पासून परवानाधारक साइट चालतात. ब्रिटनमध्ये गॅम्बलिंग कमिशनचा परवाना पाहायचा. वयाची अट न्यू जर्सीत २१, ऑन्टारिओत १९ आणि ब्रिटनमध्ये १८ आहे. एडिसन, टोरांटो किंवा लंडनच्या मराठी वाचकाने खातं उघडण्याआधी साइटच्या तळाशी परवाना शोधावा. तो सापडला नाही तर तिथून निघावं.

पैसे वेगळे काढा आणि कमाईचा विचार सोडा

एका बैठकीचे २ डॉलर, तर अशा ४० बैठकींचे ८० डॉलर एकदाच बाजूला काढा. हे पैसे सिनेमा आणि हॉटेलच्या खर्चातले हवेत. घरभाडं, मुलांची फी किंवा घरी पाठवायचे पैसे यांना हात लावायचा नाही. ८० संपले तर काही महिने फक्त अभ्यास करायचा, पुन्हा भरायचे नाहीत. हे आधीच ठरवा आणि लिहून ठेवा. हरलेला माणूस रात्री अकरा वाजता चांगला निर्णय घेऊ शकत नाही.

आता कमाईचा हिशोब मांडू. या टेबलावर दर १०० डावांमागे ५ बिग ब्लाइंड जिंकणारा खेळाडू चांगला मानला जातो. ५ बिग ब्लाइंड म्हणजे १० सेंट. एका टेबलावर तासाला ६०-७० डाव होतात, म्हणजे चांगल्या खेळाडूची तासाची मिळकत सहा-सात सेंट. हा आकडा मनात नीट बसू द्या. इथे पैशांसाठी बसायचं कारणच नाही, आणि तेच या टेबलाचं मोठेपण आहे. चूक स्वस्तात करून पाहता येते.

शिवाय साइट प्रत्येक पॉटमधून आपला हिस्सा कापते, त्याला रेक म्हणतात. तो अनेक ठिकाणी ५ टक्क्यांच्या आसपास असतो. एक डॉलरच्या पॉटमधून पाच सेंट गेले म्हणजे अडीच बिग ब्लाइंड गेले. बहुतेक साइटवर फ्लॉप, म्हणजे टेबलावरची पहिली तीन पानं, उघडला नाही तर रेक लागत नाही. म्हणून आधी रेझ करून (रक्कम वाढवून) तिथेच पॉट उचलणं हे नुसता कॉल करून (लावली तेवढीच रक्कम देऊन) पाच जणांबरोबर फ्लॉप पाहण्यापेक्षा स्वस्त पडतं.

पानं टाकायला शिका

पहिला महिना फक्त यावर घालवा. होल्डममध्ये हाती येणाऱ्या दोन पानांच्या १,३२६ जोड्या होतात. कुठला रंग हे बाजूला ठेवलं तर १६९ प्रकार उरतात. त्यांतले बहुतेक टाकायचे असतात.

तीन पत्तीवर वाढलेल्या माणसाला हे जड जातं. तिथे प्रत्येक डावाला सगळ्यांचं बूट मध्ये पडतं, म्हणून पॅक करणं म्हणजे घातलेले पैसे सोडणं. होल्डममध्ये तसं नाही. सहा जणांत सहा डावांतून एकदा बिग ब्लाइंड आणि एकदा स्मॉल ब्लाइंड द्यावा लागतो, मिळून तीन सेंट. बाकीच्या चार डावांत पानं टाकण्याची किंमत शून्य आहे. वाट पाहणं इथे फुकट असतं आणि बहुतेक लोक ती सवलत वापरत नाहीत.

कुठल्या पानांनी उतरायचं हे तुम्ही कुठे बसलात यावर ठरतं. बिग ब्लाइंडच्या लगेच डावीकडे बसलेल्याला सर्वात आधी बोलावं लागतं आणि त्याच्यामागे पाच जण उरतात. तिथून एवढंच खेळा: सगळ्या जोड्या, एक्का आणि त्याच रंगाचं दुसरं कुठलंही पान, वेगळ्या रंगांत एक्का-राजा, एक्का-राणी, एक्का-गुलाम आणि राजा-राणी, एकाच रंगात राजा-राणी, राजा-गुलाम, राणी-गुलाम आणि गुलाम-दश्शी. मोजून पाहिलं तर या १९० जोड्या भरतात, म्हणजे साधारण १४ टक्के. बाकी सगळं टाका. एक्का-दश्शी वेगळ्या रंगांची असेल तर तीही टाका, कितीही देखणी दिसली तरी.

बटनवर, म्हणजे जिथे फ्लॉपनंतर शेवटी बोलायला मिळतं तिथे, समोर कोणी उतरलं नसेल तर ४० ते ४५ टक्के पानं खेळता येतात. शेवटी बोलणाऱ्याला बाकीच्यांनी काय केलं ते आधी दिसतं, आणि ही माहिती पानांइतकीच मोलाची असते. मधल्या जागांचे आकडे या दोहोंच्या मध्ये येतात. प्रत्येक जागेचे तक्ते फुकट मिळतात. एक निवडा आणि खेळताना समोर ठेवा. वेगवेगळे तक्ते जमवत बसू नका, त्यांतले फरक दोन सेंटच्या टेबलावर जाणवतही नाहीत.

उतरायचं तर रेझ करूनच, तीन बिग ब्लाइंड म्हणजे सहा सेंटचं. पुढे कोणी नुसता कॉल करून बसला असेल तर त्याच्यामागे दोन सेंट वाढवा. नुसता कॉल करून डावात शिरायची सवय पूर्ण सोडा. दुसऱ्याने रेझ केलं असेल तर त्याच्याच पानांच्या तोडीची पानं तुमच्याकडे हवीत. एक्के, राजे, राण्या किंवा एक्का-राजा असेल तर पुन्हा रेझ करा: शेवटी बोलायची जागा असेल तर त्याच्या रकमेच्या तिप्पट, नसेल तर चौपट.

छोट्या जोड्यांबद्दल एक आकडा लक्षात ठेवा. पंजीची जोडी घेऊन फ्लॉप पाहिलात तर तिसरी पंजी सुमारे १२ टक्के वेळा येते, म्हणजे साडेआठ वेळांत एकदा. कॉलला सहा सेंट लागत असतील तर दोघांकडे त्याच्या पंधरा-वीस पट पैसे शिल्लक असावेत. नाहीतर ती एक वेळ बाकीच्या साडेसातांचा खर्च भरून काढू शकत नाही.

एका डावाचं गणित नीट समजून घ्या

इथे घाई करू नका. हा एक डाव कागद-पेन्सिल घेऊन सोडवला तर नंतरचे शेकडो डाव आपोआप सोपे होतात.

तुम्ही बटनवर आहात. हातात बदामची दश्शी आणि बदामची नव्वी. तुमच्या आधीच्या खेळाडूने सहा सेंट केले, तुम्ही कॉल केलात, दोन्ही ब्लाइंडनी पानं टाकली. पॉट झाला ६ + ६ + १ + २ = १५ सेंट. फ्लॉपवर बदाम राजा, बदाम चौकी, किलवर दुर्री. समोरच्याने १० सेंट लावले. काय कराल?

आधी किंमत पाहा. तुम्ही १० दिल्यावर पॉट ३५ होईल, त्यातले १० तुमचे. १० भागिले ३५ म्हणजे २८.६ टक्के. एवढ्या वेळा जिंकायला हवं, तरच कॉल बरोबरीत सुटतो. हे गणित तोंडपाठ करण्यासाठी तीन आकडे पुरतात: पॉटच्या निम्मी बेट आली तर २५ टक्के हवेत, दोन-तृतीयांश आली तर साधारण २९, पूर्ण पॉटएवढी आली तर ३३.

आता तुमची शक्यता. पत्त्यांत १३ बदाम, त्यांतले चार तुम्हाला दिसतात, नऊ उरले. न दिसणारी पानं ४७. पुढच्या एका पानावर बदाम यायची शक्यता ९ भागिले ४७, म्हणजे १९ टक्के. दोन्ही पानं पाहायला मिळाली तर ३५ टक्के. तोंडी हिशोबासाठी सोपी रीत आहे: उपयोगी पानांची संख्या गुणिले दोन केली की एका पानाची टक्केवारी, गुणिले चार केली की दोन पानांची. नऊचे १८ आणि ३६, म्हणजे खऱ्या आकड्यांच्या अगदी जवळ.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. "माझे ३५ टक्के आहेत, हवेत २९, म्हणून कॉल" असं ते म्हणतात. पण ३५ टक्के दोन पानांचे आहेत आणि १० सेंटमध्ये एकच पान दिसणार आहे. चौथ्या पानावर समोरचा पुन्हा पैसे लावेल आणि पाचवं पान पाहायला पुन्हा किंमत द्यावी लागेल. आज विकत घेताय ते १९ टक्के. आणि १९ हे २९ पेक्षा बरेच कमी आहेत.

मग टाकायचं? अजून नाही. बदाम आला तर पुढे आणखी पैसे मिळतील, ते मोजायला हवेत. १९ टक्के वेळा तुम्ही पॉटमधले २५ आणि नंतरचे काही सेंट जिंकता; ८१ टक्के वेळा १० हरता. बरोबरी साधायला जिंकलेली रक्कम एकूण ४२ सेंटच्या थोडी वर हवी. २५ आत्ताच पडलेत, म्हणजे बदाम आल्यावर सरासरी आणखी १७ सेंट काढता आले पाहिजेत. तेव्हा पॉट ३५ चा असेल. निम्म्या पॉटची एक बेट समोरच्याने कॉल केली की काम झालं. राजाची जोडी धरून शेवटपर्यंत कॉल करणारा माणूस असेल तर हे सहज होतं. कॉल करा.

चौथं पान निरुपयोगी आलं आणि त्याने २५ सेंट लावले. पॉट आता ६०, तुमच्यासकट ८५. हवेत २९ टक्के, आहेत ९ भागिले ४६, म्हणजे साडेएकोणीस. या वेळी बदाम आल्यावर सरासरी ४३ सेंट जास्त मिळायला हवेत. पॉट ८५ चा असेल, म्हणजे शेवटी त्याने अर्ध्या पॉटची बेट जवळजवळ प्रत्येक वेळी कॉल करायला हवी. तिसरा बदाम दिसताच हात आखडणारा असेल तर पानं टाका. कशालाही पैसे देणारा असेल तर कॉल करा. पानं तीच, गणित तेच, आणि उत्तर समोरच्या माणसावरून बदलतं. पोकर मला आवडतं ते यासाठी. बदामचीच, पण तुमच्यापेक्षा मोठी पानं त्याच्याकडे असण्याची शक्यता मी इथे धरली नाही. ती धरली तर कॉल थोडा आणखी महाग पडतो.

पाचवं पान काय आलं ते मी मुद्दाम सांगत नाही. त्याने या दोन्ही निर्णयांत काही फरक पडत नाही.

समोरचे कसे खेळतात

दोन सेंटच्या टेबलावर माणसं कॉल करायला आलेली असतात. दिवसभराचं काम संपवून थोडी मजा करायची असते आणि पानं टाकण्यात मजा नसते. यावरून दोन गोष्टी ठरतात.

पहिली, चांगली पानं असली की पैसे लावा आणि मोठे लावा. एक्का-राजा असताना फ्लॉपवर राजा आला तर दोन-तृतीयांश पॉट, पुढच्या पानावर पुन्हा तेवढेच. चेक करून, म्हणजे पैसे न लावता, सापळा लावण्याने या टेबलावर पैसे कमी होतात, कारण समोरचा तसाही देणार होता.

दुसरी, ब्लफ कमी करा. अर्ध्या पॉटची ब्लफ फायद्यात यायला समोरच्याने तीनातून एकदा पानं टाकायला हवीत, पूर्ण पॉटची असेल तर दोनातून एकदा. मधली जोडी धरून बसलेला माणूस तेवढ्या वेळा टाकत नाही. फ्लॉपवर एकच जण समोर असताना तिसरा हिस्सा पॉट लावून पाहणं ठीक आहे, पण त्याने कॉल केला आणि तुमच्याकडे काही नसेल तर तिथे थांबा.

आणि शेवटच्या पानावर एखाद्या शांत खेळाडूने अचानक रेझ केलं, तर तुमची एक जोडी हरलेली आहे असं धरा. हे का, ते मोजून दाखवता येतं. तुमच्याकडे एक्का-राजा, टेबलावर राजा, चौकी, दुर्री आणि दोन निरुपयोगी पानं. त्याच्याकडे चौक्यांची जोडी असण्याचे तीन प्रकार, दुर्रींच्या जोडीचे तीन, राजांच्या जोडीचा एक, कारण दोनच राजे उरलेत. असे सात प्रकार तुमच्या पुढे आहेत. राजा-राणीचे आठ प्रकार आहेत आणि ते सगळे तुमच्या मागे. आठ विरुद्ध सात बघून कॉल करावासा वाटतो. पण राजा-राणी घेऊन शेवटी रेझ करणारे या टेबलावर फारच थोडे. ते कॉल करतात. म्हणजे आठ गळाले आणि सातच राहिले.

टेबलापासून दूर बसून अभ्यास

दोन तास खेळलात तर एक तास अभ्यासाला द्या, शक्यतो दुसऱ्या दिवशी. खेळताना जिथे अडखळलात तो डाव खूण करून ठेवा. जिंकला की हरला याकडे न पाहता, "इथे मला कळेना" एवढ्याच कारणासाठी.

अभ्यासाला बसल्यावर तो डाव निर्णयाच्या जागेपर्यंत वाचा आणि पुढचं झाकून टाका. वहीत तीन ओळी लिहा: त्याच्याकडे कुठली पानं असू शकतात, मला किती टक्के हवेत, आणि मी आता काय करेन. मग इक्विलॅबसारख्या फुकट गणकयंत्रात त्याची संभाव्य पानं भरा आणि तुमचे खरे टक्के पाहा. त्यानंतरच निकाल उघडा. निकाल आधी पाहिला तर मन त्याला साजेशी कारणं शोधून काढतं आणि अभ्यास वाया जातो. वही हाताने लिहिलेलीच बरी. मी स्वतः तशीच ठेवतो आणि जुनी पानं उलटली की एकच चूक पुन्हा पुन्हा भेटते. ती एक चूक शोधणं हाच या तासाचा उद्देश आहे.

पोकरट्रॅकर ४ सारखं सॉफ्टवेअर डाव साठवून आकडे काढतं. काही साइट अशा साधनांना मनाई करतात, म्हणून नियम आधी वाचा. दोनच आकडे पाहा: किती टक्के डावांत तुम्ही आपणहून पैसे घातले आणि किती टक्के डावांत आधी रेझ केलं. सहा जणांच्या टेबलावर पहिला २२ ते २५ आणि दुसरा १८ ते २० च्या आसपास हवा. पहिला ४० आणि दुसरा ८ असेल तर तुम्ही कॉल करत बसताय, पानांच्या निवडीच्या भागाकडे परत जा.

सॉल्व्हरबद्दल, म्हणजे बिनचूक खेळ काय असेल ते मोजून काढणाऱ्या संगणक प्रोग्रामबद्दल, लोक विचारतात. २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस या संगणक प्रोग्रामने पिट्सबर्गमध्ये चार व्यावसायिक खेळाडूंना एकास-एक खेळात १,२०,००० डावांत हरवलं आणि २०१९ मध्ये प्लुरिबसने सहा जणांच्या टेबलावर तेच केलं. ती भक्कम विद्या आहे. पण सॉल्व्हरचं उत्तर समोरचाही बिनचूक खेळतो असं धरून निघतं, आणि तसा माणूस तुमच्या टेबलावर नाही. दहा सेंटच्या टेबलापर्यंत त्यावर पैसे खर्च करू नका. खेळ चालू असताना असं साधन उघडणं तर सगळीकडे फसवणूक मानली जाते, खातं बंद होतं.

आकड्यांवर लगेच विश्वास ठेवू नका

सहा जणांच्या नो-लिमिट टेबलावर दर १०० डावांमागे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीच्या वर-खाली होणारी चढउतार, साधारण ९० बिग ब्लाइंड असतं. त्याचा अर्थ असा: तुम्ही खरोखर दर शंभरी ५ बिग ब्लाइंड जिंकणारे खेळाडू असलात, तरी १०,००० डावांनंतर तुमचा आकडा उणे १३ ते अधिक २३ यांच्यात कुठेही असू शकतो. एका टेबलावर एवढ्या डावांना दीडशे तास लागतात. लाख डाव झाले तरी पट्टा उणे १ ते अधिक ११ इतका रुंद राहतो. महिनाभर हरत असाल तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, महिनाभर जिंकत असाल तरीही नाही. म्हणून वहीतले निर्णय मोजा. गेल्या महिन्यात झाकून सोडवलेल्या डावांपैकी किती बरोबर होते, या महिन्यात किती? हा आकडा तुलनेने लवकर खरं बोलतो.

कधी उठायचं

एका बैठकीत दोन बाय-इन, म्हणजे बसताना लावायची रक्कम दोनदा, गेले की उठा. दीड तास झाला की उठा, जिंकत असलात तरी. राग आला, जेवण राहिलं, घरात वाद झाला, दारू घेतली, यांतलं काहीही असेल तर बसूच नका. हरलेले पैसे परत मिळवायला मोठ्या टेबलावर जायचा विचार आला, तर त्या दिवसाचा खेळ संपला. तो विचार टिल्टची, म्हणजे हरल्याच्या भरात तोल सुटल्याची, सर्वात स्पष्ट खूण आहे.

ठेवीची मासिक मर्यादा आजच लावा, परवानाधारक साइटवर ती सोय असते. खेळाबद्दल घरच्यांपासून लपवावंसं वाटू लागलं किंवा ठरवलेल्या रकमेवर पुन्हा पैसे भरले, तर अभ्यास वाढवून ते सुटणार नाही. ब्रिटनमध्ये गॅमस्टॉपवर मोफत नोंद केली की परवाना असलेल्या सगळ्या साइट तुमच्यासाठी बंद होतात. न्यू जर्सीत स्वतःला वगळून घ्यायची सरकारी नोंदणी आहे आणि १-८००-गॅम्बलर हा मदतीचा क्रमांक आहे. तिथे फोन करा.

वरच्या टेबलावर जाताना

पुढचं टेबल २ आणि ५ सेंटचं, एका बैठकीला ५ डॉलर. तिथे जायला दोन अटी ठेवा. खात्यात २०० डॉलर, म्हणजे त्या टेबलाच्या ४० बैठकी असाव्यात. आणि खुणा केलेल्या डावांत सोपे प्रश्न उरलेले नसावेत. राजाच्या जोडीवर कॉल करू की नको, असल्या जागी अजूनही अडत असाल तर २०० डॉलर असूनही खाली राहा.

वर गेल्यावर पहिल्याच आठवड्यात पैसे घटू शकतात. वरचं विचलनाचं गणित तिथेही लागू आहे. खात्यात १२५ डॉलर उरले, म्हणजे २५ बैठकी, की पुन्हा दोन सेंटच्या टेबलावर या आणि २०० होईपर्यंत तिथेच खेळा. ही खालची रेषा वर जाण्याच्या दिवशीच वहीत लिहून ठेवा, तारखेसकट.